बाळंतिणीची साखर

किलिमांजारोच्या पायथ्याशी असलेल्या मोशी शहराच्या बाजारात मांका जुने बूट विकायची. परदेशातून गाठोड्यांनी येणारे, कुणीतरी घालून टाकलेले बूट ती घासूनपुसून असे चकचकीत करायची की गिऱ्हाईक नवे समजून घेऊन जायचं. फार घासाघीस करणाऱ्याला ती अशी फैलावर घ्यायची की शेजारचे दुकानदार हातातलं काम टाकून ऐकत बसायचे. पण तो राग धंद्यातला, गिऱ्हाइकाबरोबर येणारा आणि त्याच्याबरोबरच जाणारा. दुसरा राग, जो आत शिरला आणि राहिला, तो तिच्या पहिल्या मुलापासूनचा.

तो मुलगा पूर्ण दिवसांचा होऊन मेलेलाच जन्मला. अंगानं चांगला मोठा, गुबगुबीत गालांचा. ज्यानं ज्यानं पाहिलं तो हेच म्हणाला, एवढं दणकट पोर आणि श्वास कसा नाही? पाद्री म्हणाले, देवाची मर्जी. सासू फोइबे म्हणाली, कुणाची तरी नजर लागली. नवरा एलिनामीनं घरामागच्या केळीत खड्डा खणला. मांकानं तेव्हा कुणाला एक प्रश्न विचारला नाही. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं समजून ती पुन्हा दुकानात जाऊन बसली.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा शहरातल्या इस्पितळात तिचं रक्त तपासलं आणि साखर वाढलेली निघाली. तिथल्या डॉक्टर म्बिसेंनी विचारलं, पहिलं बाळ मोठं होतं का? ती हो म्हणाली. "मग तेव्हा कुणी साखर तपासली नव्हती?" त्यांनी मान वर न करता विचारलं, छत्री आणली नाहीस का असं विचारावं तसं. घरी जाताना डालाडालाच्या, म्हणजे खच्चून भरलेल्या छोट्या बसच्या, दाटीत उभ्या उभ्या तिला त्या प्रश्नाचा अर्थ लागला. पोराचे ते गुबगुबीत गाल साखरेचे होते. तपासायची असते तर. तपासता येते. आणि तपासली नव्हती.

त्यानंतरचे महिने तिनं दात खाऊन काढले. इस्पितळानं बोट टोचून साखर बघायचं छोटं यंत्र वापरायला दिलं होतं. गोड चहा सोडला, पिकलेली केळी सोडली, मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा निम्म्यावर आणला. बाजारात जेवायच्या वेळी ती उठून चालत रेल्वे स्टेशनापर्यंत जाऊन यायची. शेजारणी म्हणायच्या, पोटुशी बाई पळतेय कुणाच्या मागे? आणि ऑपरेशन होऊन मुलगी झाली. जिवंत, लालबुंद, रडून इस्पितळ डोक्यावर घेणारी. तिला सगळे कादोगो म्हणू लागले, म्हणजे छोटी.

घरी सोडताना सिस्टर हापिफानियानं ते यंत्र परत मागितलं. दुसऱ्या गरोदर बाईला द्यायचं होतं. "तुझी साखर बाळाबरोबर गेली," यंत्र डबीत ठेवत ती म्हणाली, आणि दाराकडे वळता वळता पुढे म्हणाली, "दीडेक महिन्यानं रिकाम्या पोटी येऊन एकदा बघून घे." मांकानं ते शेवटचं वाक्य घट्ट धरून ठेवलं.

डोंगरउतारावरच्या मरंगू गावाच्या वरच्या अंगाला फोइबेचं घर. बाळंतिणीनं तिथे तीन महिने हलायचं नाही, काडी उचलायची नाही, फक्त खायचं आणि पाजायचं. तीन महिन्यांनी ती बाहेर पडते तेव्हा गाव तिच्याकडे बघून सासूला जोखतं. गाल वर आले नसतील तर सासूची मान खाली. फोइबेनं त्यासाठी वर्षभर आधीपासून एक बोकड राखला होता. सकाळी म्तोरी, म्हणजे केळी आणि हाडाचं मटण शिजवून घोटलेला दाट रस्सा, वर बोटभर तूप. दुपारी दूध, लोणी आणि साखर घातलेली पेज. संध्याकाळी पुन्हा तेच. बघायला येणाऱ्या बायका एकेक साखरेचा पुडा आणायच्या, आणि आल्यावर चहाही तसाच व्हायचा, चमचा उभा राहील असा.

पहिले काही दिवस मांका निमूट खात होती. ऑपरेशनची जखम, पाजण्यानं लागणारी भूक, आणि कुणीतरी हातात आणून देतंय याचं सुखही होतंच. मग तहान सुरू झाली. तांब्याभर पाणी प्यायलं तरी जीभ टाळूला चिकटायची. पाजणाऱ्या बाईला तहान लागतेच, हे तिला ठाऊक होतं. साखर चढली की तहान लागते, हेही ठाऊक होतं. ही तहान कुठली, ते सांगणारं यंत्र कुणा दुसरीच्या घरी होतं.

तिनं सासूला साखर घालू नका म्हणून सांगितलं. फोइबेनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पेजेत साखर कमी घालून वरून मध घातला. मांकानं एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली.

"आई, यात काय घातलंय?"

"काही नाही. दुधाची गोडी आहे."

"दुधाला मधाचा वास कधीपासून यायला लागला?"

फोइबे चुलीपुढून उठली नाही. लाकूड पुढे सारत ती बोलायला लागली. एलिनामी झाला तेव्हा अख्ख्या देशात साखर नव्हती. ओली बाळंतीण असताना ती दुकानापुढे रांगेत उभी राहिली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. तिच्या सासूनं तिला बिनसाखरेची, बेचव पेज दिली आणि देताना तोंड फिरवून रडली. "त्या दिवशी मी ठरवलं, माझी सून अशी पेज पिणार नाही," फोइबे म्हणाली. "आणि तू मला सांगतेस, साखर नको. ती साखर पोरीची होती. पोरीबरोबर बाहेर पडली."

मांका जास्तच संतापली. समोरच्या माणसाचा दुष्टपणा असता तर तिनं त्याला बाजारातल्यासारखं सोललं असतं. इथे तुपानं माखलेली माया होती, आणि तिच्याशी भांडावं कसं ते तिला येत नव्हतं.

एलिनामी किलिमांजारो चढणाऱ्या परदेशी लोकांच्या तुकड्यांबरोबर स्वयंपाकी म्हणून जायचा. तो खाली आला तेव्हा तिनं त्याला आईशी बोलायला सांगितलं. आईचं मन कशाला मोडायचं, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं काहीबाही तो पुटपुटला.

"डोंगरावर कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला दूध चालत नाही," मांका म्हणाली. "तू प्रत्येकाला विचारतोस. एकेकासाठी वेगळं पातेलं चढवतोस, ते पण बर्फाच्या वाऱ्यात. कोण कुठली माणसं ती. माझ्यासाठी एक पातेलं चढवायला तुझे हात मोडलेत का?"

तो उठून गाईसाठी केळीची पानं कापायला निघून गेला. पण त्या दिवशी त्यानं नेहमीपेक्षा फारच जास्त पानं कापली.

दीड महिन्यानं कादोगोच्या लसीचा दिवस आला. बाळंतिणीला घराबाहेर पडायची तेवढी एकच सबब होती. सकाळी फोइबेनं म्तोरी समोर ठेवली, मांकानं ती तशीच ठेवली आणि पोरीला पाठीशी बांधून निघाली. फोइबे फाटकापर्यंत मागे आली आणि म्हणाली, उपाशी बाळंतीण रस्त्यानं जाताना लोक बघतील. मांका म्हणाली, बघू देत.

शहरातल्या त्याच इस्पितळात कादोगोला काट्याला टांगून तोललं, मांडीत सुई टोचली, सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. सिस्टर हापिफानिया म्हणाली, छान वाढतेय, जा आता. मांकानं सांगितलं, माझी साखर बघायची आहे, तुम्हीच बोलावलं होतं, मी उपाशी आले आहे. सिस्टरला काही आठवलं नाही. आज बाळांचा दिवस, ती म्हणाली, साखरेचं पलीकडच्या इमारतीत विचार.

पलीकडच्या इमारतीत एक माणूस टेबलामागे बसला होता.

"साखरेचं कार्ड?"

"नाही."

"कार्ड नाही तर तपासणी नाही."

"मग कार्ड कधी मिळतं?"

"तपासणीत साखर निघाली की."

मांकानं त्याच्याकडे नीट बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. त्यानं तिला प्रसूतीच्या वॉर्डाकडे पाठवलं. तिथली नर्स म्हणाली, तू आता गरोदर नाहीस, तू आमच्याकडे येत नाहीस. मग मी कुणाकडे येते, असं मांकानं विचारलं. नर्सनं बाळांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

मांका परत आली. लसीच्या रांगेत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. ती वजनकाट्याखालच्या बाकावर जाऊन बसली, पोरीला छातीशी लावलं, आणि जागा अडवली. सिस्टर म्हणाली, ऊठ, तिथे पुढचं बाळ तोलायचंय. मांका उठली नाही.

"पोटात पोर होतं तोवर तुम्हाला माझं बोट हवं होतं," ती म्हणाली, आणि बाजारातला आवाज आपोआप लागला. "एक वेळ चुकली तर फोन करत होतात. पोर बाहेर आलं आणि मी कुणाचीच नाही. त्या इमारतीत मी आजारी नाही, त्या वॉर्डात मी पोटुशी नाही, आणि इथे मी बाळ नाही. मी काय बाळाचं गाठोडं आहे? आतला माल काढून घेतला की बाहेर फेकायचं?"

लाल कांगा, म्हणजे छापील कापड, गुंडाळलेली एक तरुण बाई, जिचं नाव ग्रेसियाना असल्याचं नंतर कळलं, हळूच म्हणाली, "मलाही होती साखर. मला तर परत ये असंसुद्धा कुणी सांगितलं नाही." तिच्यामागून आणखी एक बाई बोलली. सिस्टरचं तोंड उतरलं. ती डॉक्टरांना आणायला गेली.

डॉक्टर म्बिसे आले ते घाईत, कपाळावर घाम घेऊन. आवाज खाली कर, ते म्हणाले, इथे तान्ही मुलं आहेत.

"पहिल्या खेपेला मी आवाज काढला नव्हता," मांका म्हणाली. "कुणाला काही विचारलं नाही, शहाण्यासारखी घरी गेले. त्याचं काय झालं ते आमच्या केळीत पुरलेलं आहे. तुम्हीच मला विचारलंत ना, तेव्हा तपासली नव्हती का म्हणून? आता मी विचारते. आज तपासणार आहात का?"

डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, तपासताना पाण्यातून पाजायची ग्लुकोजची पूड इस्पितळात संपली आहे, बाहेरून आणलीस तर प्रयोगशाळेत करून देतो. हेही ऐकून तिच्या अंगाची आग झाली, पण ती उठली, समोरच्या औषधाच्या दुकानातून डबा घेऊन आली. ग्रेसियाना आणि ती दुसरी बाई चहा पिऊन आल्या होत्या. त्यांना उद्या रिकाम्या पोटी बोलवा, असं मांकानं डॉक्टरांकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं.

एकदा बोट टोचलं. मग ते गोड पाणी, ज्यासाठी ती आठवडे सासूशी भांडली होती, ते तिनं ग्लास भरून घशाखाली ढकललं. दोन तास बाकावर बसून राहिली. मग पुन्हा टोचलं.

निकाल ना इकडचा ना तिकडचा. उपाशीपोटीची साखर ठीक होती, ग्लुकोजनंतरची हवी त्यापेक्षा वर राहिली होती. मधुमेह नाही, पण काठावर, डॉक्टर म्हणाले. पाजणं चालू ठेव, त्यानं फायदा होतो. चालत राहा, गोड आणि तूप आवर, दर वर्षी येऊन बघ, पुन्हा दिवस गेले तर लगेच ये.

"पहिल्या वेळी तपासली असती तर पोरगा वाचला असता?" तिनं विचारलं.

"कदाचित," डॉक्टर म्हणाले.

नाही म्हणाले असते तर ती रडली असती. हो म्हणाले असते तर तिनं इस्पितळ पेटवलं असतं. कदाचित या शब्दाचं काय करावं ते तिला आजही कळलेलं नाही. त्याच्यावर ती अजून चिडते.

घरी येऊन तिनं फोइबेला सगळं सांगितलं. फोइबे चुकलं असं म्हणाली नाही. तिनं साखरेचे सगळे पुडे एका टोपलीत भरले आणि चर्चच्या बायकांना देऊन आली. दुसऱ्या दिवशीची पेज तिनं बिनसाखरेची केली आणि तिच्यात इतकं मीठ टाकलं की तोंडात धरवेना. मांका ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, सासूच्या डोळ्यांत बघत. त्याच्या दुसऱ्या दिवशी एलिनामीनं डोंगरावरचं आपलं पातेलं आणून चुलीवर चढवलं, घेवडा आणि पालेभाजी शिजवली आणि आईला म्हणाला, तू बस जरा. तिनं त्याच्या भाजीला नावं ठेवली, पण ती उठली नाही. पुढे मांकानं सासूला तुमचंही बोट टोचून घ्या म्हटलं, तेव्हा मात्र फोइबे हात पदरात लपवून म्हणाली, "या वयात मला नवीन काही कळून घ्यायचं नाही." ते तिनं शेवटपर्यंत केलं नाही.

तीन महिन्यांनी मांका बाहेर पडली तेव्हा तिचे गाल काही फार वर आलेले नव्हते. लोक बोलले. फोइबेनं त्यांना काय ऐकवलं ते मांकाला दुसऱ्यांकडून कळलं: माझी सून चालते, म्हणून काटक आहे, तुमच्या सुना बसून असतात.

इस्पितळानं त्यानंतर बाळांच्या लसीच्या दिवशी साखर झालेल्या आयांचीही तपासणी सुरू केली. काही महिने चालली. मग साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या आणि बंद पडली. ग्रेसियानानं ही बातमी आणली तेव्हा मांकानं दुकान शेजाऱ्याच्या हवाली केलं आणि दोघी मिळून गेल्या. सिस्टर हापिफानिया म्हणाली, पट्ट्या पुढच्या महिन्यात येतील. मांका म्हणाली, हे कोण म्हणालं त्याला बोलाव. तो माणूस जेवायला गेला होता. दोघी त्याच्या दारासमोर बसून राहिल्या.