रमाबाईंचं पथ्य

मानपाड्याला रस्त्यालगत कमळाबाईंचं पोळीभाजी केंद्र आहे. रमाबाई तिथे सकाळपासून तव्यापाशी उभ्या असायच्या. लग्नसराईत आणि होळीला पुरणपोळ्यांची ऑर्डर आली की लाटायचं काम त्यांच्याकडेच. नवरा देवराम रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेला, मुलगा पुण्याला नोकरीला, घरात सून दर्शना.

शुगर निघाली तेव्हा रमाबाई घाबरल्या नव्हत्या. चाळीजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळी दिली. ती त्या जेवणाबरोबर न चुकता घ्यायच्या. शुगर उतरली. डॉक्टर खूश झाले, त्यांनी इतर पेशंटना रमाबाईंचं उदाहरण दिलं. रमाबाईंनी ते घरी येऊन दोनदा सांगितलं.

काही वर्षं असं बरं गेलं. मग शुगर पुन्हा चढायला लागली.

"गोड खाताय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही ओ."

"भात?"

"थोडासा."

"तो बंद करा." डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली. बाहेर बाकडं भरलेलं होतं, पुढचा पेशंट आत आलाही.

रमाबाईंनी भात सोडला, चहातली साखर तर आधीच सोडलेली. तरी पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला. तेव्हा देवराम म्हणाला, "दिवसभर पुरणात हात असतो तुझा. चाखल्याशिवाय राहशील का तू?"

"नाही चाखत मी."

"मग शुगर काय हवेतून येते?"

देवरामने गुळाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. जयंतीच्या सणाला शेजारून खीर आली, तर दर्शनाने पातेलं त्यांच्यासमोरून उचललं. ती वाईट नव्हती. तिला सासूची काळजी होती. रमाबाई मात्र त्या दिवशी न जेवता झोपल्या.

त्या वाळत चालल्या. ब्लाऊज खांद्यावरून घसरायचे. शेजारणी म्हणायच्या, "बारीक झालात, छान दिसता." डॉक्टरांनी एकदा म्हटलं, "मावशी, इंजेक्शनचं बघायला लागेल." पण रमाबाईंचा भाऊ इंजेक्शन सुरू झाल्यावर महिनाभरात गेला होता. त्या नको म्हणाल्या, देवरामही नको म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा लावून धरलं नाही. त्यांनी दुसऱ्या गोळीची पॉवर वाढवली.

एका दुपारी जेवण लांबलं. ती वाढवलेली गोळी मात्र सकाळीच घेतलेली. तव्यापाशी रमाबाईंचे हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. समोर गूळ चिरून ठेवलेला होता. त्यांनी मूठभर तोंडात कोंबला. तेवढ्यात कमळाबाई मागून आल्या.

"रमा, हे काय करतेयस?"

रमाबाईंचं तोंड गुळाने भरलेलं होतं. संध्याकाळी कमळाबाईंचा घरी फोन आला. देवरामने उठून कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. त्यानंतर रमाबाईंनी आपली बाजू मांडणं सोडून दिलं. कधीकधी त्यांना स्वतःलाच शंका यायची, आपण नकळत काही खातो की काय.

पायाला बधिरपणा आला होता. ते कुणाला सांगणार? सांगितलं की बोलणं पुन्हा पथ्यावरच यायचं. मग एके दिवशी गरम उलथनं पावलावर पडलं आणि त्यांना कळलंच नाही. काही दिवसांनी दर्शनाला वास आला तेव्हा जखम चिघळून आतपर्यंत गेली होती.

कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात सुमेधा नावाच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले, आणखी तपासण्या केल्या. मग देवरामला आणि दर्शनाला खाटेजवळच उभं करून त्या म्हणाल्या, "यांच्या शरीरात इन्सुलिन तयार होणंच जवळजवळ थांबलंय. गोळ्या घेऊनही कित्येकांचं काही वर्षांनी असं होतं. कितीही पथ्य पाळलं असतं तरी नुसत्या गोळ्यांनी भागलं नसतं. इंजेक्शन दोन-तीन वर्षांपूर्वीच सुरू व्हायला हवं होतं."

"म्हणजे ती खात नव्हती?" देवरामने विचारलं.

"यात खाण्याचा दोष नाही, काका."

"पण केंद्रावर एकदा तो गूळ..."

"मूठभर खाल्ला होता," दर्शना हळूच म्हणाली.

"घाम, थरथर झाली होती का तेव्हा?" डॉक्टरीणबाईंनी रमाबाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली. "शुगर एकदम खाली गेली असणार. गूळ खाल्ला म्हणून वाचल्या."

देवराम खाटेच्या कडेला बसला. त्याने बायकोचा हात धरला. रमाबाईंनी तो सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही.

पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

आता दर्शना सकाळ-संध्याकाळ त्यांना इंजेक्शन देते. शुगर ताब्यात असते. केंद्रावर दुसरी बाई लागली. रमाबाई खिडकीजवळच्या पलंगावर असतात. भेटायला कुणी आलं की देवराम सांगायला बसतो, की हिने कधीच काही खाल्लं नव्हतं, आम्हीच उगाच हिच्यावर आळ घेतला.

परवा कमळाबाई आल्या तेव्हा त्याने पुन्हा सुरुवात केली. रमाबाईंनी त्याला मधेच थांबवलं.

"राहू द्या ओ," त्या म्हणाल्या. "आता खाल्लं काय आणि नाही काय."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.