पन्नास नॅनोलिटर

"तुमच्या लोकांच्या हातात दशांश चिन्ह दिलं कुणी," ईशा म्हणाली. मराठीत. हसत. नोएडाच्या त्या लॅबमध्ये मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच. बाकीच्यांना वाटलं, घरचं काहीतरी बोलतायत.

चाळीस नळ्या वाया गेल्या होत्या. प्रत्येकीत पन्नास नॅनोलिटर रसायन हवं होतं. हजार नॅनोलिटरचा एक मायक्रोलिटर, म्हणजे पन्नासाचे झाले शून्य पूर्णांक शून्य पाच. ईशानं रजिस्टरमध्ये लिहिलं, शून्य पूर्णांक पाच. दहापट. नळ्या मी भरल्या.

जळायचे मी तिच्यावर, सरळ सांगते. वडील केंद्र सरकारात अधिकारी, घर दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिच्या कोटावर धाग्यानं नाव भरलेलं, माझ्या कोटावर नंबर. गणित तिला बापानं जेवणाच्या टेबलावर शिकवलं. माझा बाप लष्कराच्या छावणीत झाडू मारायचा. मिलिलिटर मी शिकले खोकल्याच्या औषधाच्या झाकणावरच्या रेघांवरून.

आणि चूक मला आधीच दिसली होती. पन्नास नॅनोलिटर आमच्या पिपेटनं थेट उचलताच येत नाही. रसायन वीसपट पातळ करायचं, मग एक मायक्रोलिटर घ्यायचं. झोपेत विचारलं तरी सांगेन. पण मागच्या महिन्यात तिची चूक दाखवली, तर म्हणाली होती, "तू भरायचं काम कर गं." म्हणून या वेळी तिनं लिहिलं तेवढंच गुपचूप भरलं. पडू दे तिला तोंडावर, म्हटलं.

पडले मीच. लॅबच्या मुख्य सरांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "गलती मान लो, साइन करो, बात खतम." सही केली की माझं कॉन्ट्रॅक्टही खतम, हे सगळ्यांना ठाऊक. ईशानं स्वतःचं पेन पुढे केलं. भारी पेन. तेव्हाही मनात आलं, असलं आपल्याकडे हवं. मग लाज वाटली. तिचं सगळंच हवं असायचं मला. आता तिची चूकही घ्यायची होय?

"सर, ईशा ने अभी मराठी में जो कहा, पहले वो सुनिए." शब्द न् शब्द हिंदीत सांगितला.

"यार, मजाक था," ईशा म्हणाली. कुणी हसलं नाही.

तिच्याच पेनानं तिच्या आकड्याखाली लिहिलं: हिशेब ईशाचा, दहापट चुकलेला. मला दिसला होता, मी गप्प बसले, तेवढी चूक माझी. खाली सही केली. पेन परत दिलं.

नोकरी राहो न राहो. चुकीच्या आकड्यावर यापुढे एक नळी भरणार नाही. आणि 'तुमचे लोक' कुणी म्हणालं, तर ते सगळ्यांना कळेल अशा भाषेत, मोठ्यानं सांगणार.