पेजेपासून लांब पोळीपर्यंत

"सोरायसिस आहे," कातडीच्या डॉक्टरनं सांगतलं, अन् मी त्याले पहिला प्रश्न केला तो पोळीचा. "मंग मी लोकाईसाठी पोळ्या करू का नको?"

डॉक्टर तरुण होता, हिंदी बोलणारा. त्यानं नीट समजावलं. कातडीचे नवे थर गरजेपेक्षा भराभर तयार होतात, म्हणून लाल चट्टे पडतात अन् पांढऱ्या खपल्या निघतात. हा रोग एकाचा दुसऱ्याले लागत नाही. पण मुळापासून जाईलच असंही नाही, काबूत ठेवा लागते. "रोटी बनाइए माताजी, बेशक बनाइए," म्हणे.

त्याले काय माहीत आमची पोळी! आम्ही भंडाऱ्याकडचे. आमची लांब पोळी म्हणजे कणिक इतकी सैल भिजवाची का हातातून ओघळली पायजे. मंग ती दोन्ही हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत ताणाची अन् चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकाची. लाटणं नाही, पोळपाट नाही. इथं पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधल्या आमच्या मराठी घराईत बारसं असो का साखरपुडा, ही पोळी माह्याच हातची. अन् चट्टे निघाले कुठं, तं तळहातापासून कोपरापर्यंत. देवही बरोबर जागा पाहून मारते, बापा!

शोभा माही धाकटी जाऊ, रुआबांध्याले राहते. तिच्या पोराच्या साखरपुड्याच्या आधी ती घरी आली. "ताई, या वेळेस तुम्ही आराम करा न. आमी केटरर सांगतला," म्हणे. बोलली गोडच, पण माह्या हाताकडं काही पाहिलं नाही तिनं. ती गेल्यावर मी मडकं धुतलं, पुसलं अन् माळ्यावर टाकून देलं. मंग बसून रडली. रडली तं रडली, सांगाले कायची लाज!

मलमानं चट्टे दबत, थंडीत पुन्हा उमटत. तळहाताले भेगा पडून रक्त निघे. तवा कोणीतरी नेहरू नगरच्या वैद्यबाईचं नाव काढलं. मी आधी कातडीच्या डॉक्टरले विचारलं. तो म्हणे, करून पाहा, पण माही औषधं बंद करू नका. वैद्यबाईनंही तेच सांगतलं, वरून शुगर, बीपी, हृदय, सगळं तपासून घेतलं. हे बरं वाटलं मले. जो म्हणते बाकीचं सारं फेकून द्या, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

वैद्यबाईची गोष्ट साधी होती. "शरीराले दारं आहेत. कफ वरचा, तो तोंडाच्या दारानं काढाचा, त्याले वमन म्हणतात. पित्त खालच्या दारानं, ते विरेचन. वातासाठी गुदद्वारातून औषधी तेल नाही तं काढा देतात, ती बस्ती. डोक्याच्या दुखण्याले नाकात थेंब, ते नस्य. सगळ्याईले सगळं लागत नाही. तुम्हाले आधी वमन, मंग काही दिवसानं विरेचन."

मी म्हटलं, माय माय! घरात उलटी झाली तं आपण डॉक्टरकडं पळतो, अन् इथं डॉक्टर उलटी कराले बोलावते!

पयले औषधी तूप. सकाळी उपाशीपोटी प्याचं, अन् रोज वाढवत न्याचं. तूप पोळीवर अमृत असते, वाटीनं प्यालं का कळते. मंग तेलाची मालिश अन् वाफेच्या पेटीत बसणं, डोकं तेवढं बाहेर. मालिशवाली सुखबती, दुर्ग शहराकडच्या खेड्यातली, तिकडचीच बोली बोलणारी. तिनं माह्या चट्ट्यावरून हात असा फिरवला जसा काही तिथं काहीच नाही. कितीक दिवसानं कोणी हात लावला होता, डोळ्यात पाणी आलं, तं तेल गेलं म्हणून सांगतलं मी तिले.

वमनाच्या आदल्या दिवशी दहीवडा अन् खीर खाले सांगतली, कफ सुटाले. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवर बसवलं. नाकापर्यंत दूध पाजलं. मंग मधातलं कडू चाटण, त्याच्यावर जेष्ठमधाचा काढा. सुखबती पाठ चोळून राहिली होती, एक हात माह्या कपाळावर. "झन डर्रा दाई," म्हणे. घाबरू नको, माय. अन् मंग जे सुटलं ते काही विचारू नका. शेवटी पिवळं, कडू पित्त आलं, तवा वैद्यबाई म्हणे, बस, झालं. मी निपचित पडली, पण अंग असं हलकं का वाऱ्यानं उडावं. हे घरी कोणी करू नका बरं, हात जोडून सांगतो.

खरी परीक्षा मंग होते. त्या दिवशी फक्त पातळ पेज, मंग घट्ट पेज, मंग बिनफोडणीचं मुगाचं पाणी, मंग फोडणीचं. आमचे हे प्लांटात, भट्टीच्या आत विटाचं अस्तर लावणाऱ्या खात्यात. माहं उतरलेलं तोंड पाहून त्याईले राहावलं नाही. मार्केटातून दोन गरम आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे, घेऊन आले. "एक खाऊन घे वो. पेजेवर माणूस जगते का?"

वास असा सुटला का तोंडाले पाणी! पण माह्या जिभेले धार आली. "अवो, जन्मभर जेवताना मलेच सांगत आले न तुम्ही? नव्या विटा लावल्या का भट्टीले हळूहळू तापवा लागते, पयल्याच दिवशी पूरी आग देली तं अस्तर तडकते. मंग बायकोच्या पोटाले कावून एकदम आग देऊन राहिले?"

हे आल्या पावली बाहेर गेले. आंगणात उभे राहून दोन्ही आलूगुंडे स्वतःच खाल्ले, अन् येऊन माह्यासाठी पेज गरम केली. मले हसू आलं. नवरा चांगला आहे माहा, समजते फक्त उशिरा.

विरेचन झालं, मलम चालू होतं. तळहात साफ झाले. भेगा भरल्या. डाव्या कोपराजवळ मात्र एक चट्टा राहिलाच. मी वैद्यबाईले म्हटलं, हा गेला का मडकं काढीन. ती म्हणे, "अन् नाही गेला तं?"

या प्रश्नावर मी खूप दिवस विचार केला. शोभाच्या पोराच्या हळदीच्या दिवशी मडकं माळ्यावरून उतरवलं अन् यांच्या स्कुटरवर मांडीवर घेऊन रुआबांध्याले गेली.

मांडवाच्या मागं चूल पेटवली, कणिक भिजवली. मंग सगळ्या बायाईसमोर बाह्या वर केल्या. "हा पाहा चट्टा. सोरायसिस म्हणतात. कोणाले लागत नाही. ज्याले खाचं त्यानं खावं, ज्याले नाही त्याच्यासाठी केटररची पुरी आहेच."

कोणी हललं नाही.  मी कणिक उचलली, ताणत ताणत कोपरापर्यंत आणली.

तवा शोभा उठली. नव्या बांगड्या वर सारल्या अन् माह्यासमोर बसली. "मले शिकवा न ताई. तुमच्यानंतर कोण करन?"

"मले आत्ताच मारतं का वं?" मी म्हटलं.

ती हसली, पण डोळे भरले होते तिचे. तिनं हात पुढं केले. मी माह्या कोपरावरची पोळी तिच्या हातावर उतरवली. तिनं ताणली अन् मधातच भलं मोठं भोक पडलं. तशीच टाकली मडक्यावर. भाजल्यावर मी तुकडा तोडला, तो तिनं माह्या हातातूनच तोंडात घातला, फुंकत फुंकत.

मंग बाया सरकत सरकत चुलीजवळ आल्या. चट्टा होता तिथंच होता, त्याच्यावर कणिक सुकून राहिली होती. पण कोणी त्याच्याकडं पाहत नव्हतं, सगळ्या दुसऱ्या पोळीची वाट पाहून राहिल्या होत्या.