ओट्यावरचा पहिला नळ

प्लंबरनं पाइपाला सोल्युशन लावलं आणि जळोचीतल्या आमच्या स्वयंपाकघरात तो उग्र वास पसरला. मी मनानं थेट लहानपणीच्या, वरकुटे गावातल्या आमच्या जुन्या घरात पोचले. तिथं आबांनी, माझ्या वडिलांनी, डाळिंबाच्या ठिबकच्या लाइनीलाच असंच सोल्युशन लावून उरलेला पाइप जोडला होता आणि तो भिंतीतून आत घेऊन ओट्यावर नळ बसवला होता. आजवर अंगणात बसून भांडी घासणारी आई पदर खोचून उभ्यानं घासू लागली. तेवढ्यात बागेतून आबा ओरडले, “अगं, नळ बंद कर! डाळिंबाला पाणी येईना!”

“न्हाय करत! थांबू द्या की तुमच्या डाळिंबांना!”

मला तेव्हा ते भांडण वाटलं होतं.

आज आईनं नवा नळ सोडला, तसे हॉलमधून म्हातारे आबा ओरडले, “बंद कर! डाळिंबाला पाणी येईना!”

इथं डाळिंबाचं एक झाड नाही. “न्हाय करत,” म्हणत आईनं हसू दाबत नळ आणखी मोठा सोडला.