अंबुजाक्कांच्या शाळेचा पट

अंबुजाक्का गल्लीतून चालताना मान वर करून चालत. त्यांची नजर गच्च्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर असे. कुठे नवी झबली-दुपटी दिसली की त्या थांबत, दार वाजवत, बाळ पाहत आणि आईला सांगून टाकत, "पाच वर्षांनी हा माझा हं. आत्ताच बोलून ठेवते."

तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्या गल्लीत सरकारी प्राथमिक शाळा होती. त्या तिथल्या मुख्याध्यापिका. लहानपणी मी त्यांच्याच हाताखाली शिकले, तेव्हा पहिलीत आम्ही साठजण मांडीला मांडी लावून बसायचो. पुढे मी तिथेच शिक्षिका म्हणून आले, तर पाचही इयत्ता मिळून अकरा मुलं उरली होती. काही घरं गावाबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेली होती. उरलेल्यांच्या दारात सकाळी इंग्रजी शाळांच्या व्हॅन थांबत होत्या. मुलांशी तमिळ आणि आम्हा दोघींत तिथल्या जुन्या मराठी घरांतलं मराठी, असा आमचा दिवस जायचा.

"अकरा म्हणजे कमी असं कायला म्हणतेस?" त्या मला म्हणत. 'कशाला' म्हणायचं तर त्यांच्या तोंडी 'कायला'च यायचं. "साठ होती तेव्हा मला नुसती नावं ठाऊक होती. आता कोण काय खाऊन आलं तेसुद्धा कळतं."

तरी दर जूनमध्ये उन्हात छत्री धरून त्या दारोदार फिरत. अधिकारी बजावून गेले होते, पट आणखी घटला तर शाळा हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या सरकारी शाळेत विलीन करू.

तिसरीत कयल एकटी होती. तिची आई सेल्वी देवळाबाहेर फुलं विकायची. एकदा मधल्या सुटीत कयल अंगणात ठिकरी खेळताना दिसली. एक डाव स्वतःचा, दुसरा शाळा सोडून गेलेल्या देवीचा. देवीच्या डावात पाय रेषेवर पडला तशी ती ओरडली, "तू बाद!" मग देवी होऊन रुसली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मला हसू आलं. अंबुजाक्का हातातला घास डब्यात ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या.

त्याच संध्याकाळी मला सोबत घेऊन त्या सेल्वीकडे गेल्या. "कयलला पलीकडच्या शाळेत घाल."

सेल्वीचे गजरा ओवणारे हात थांबले. "टीचर, पोरीनं काही चूक केली का?"

"चूक नाही गं. तिला भांडायला कोणीतरी हवं. ते मी कुठून आणू?"

"पण तो रस्ता केवढा वाहता आहे..."

"रस्ता मी ओलांडून देईन."

परत येताना मी भडकले. "अक्का, दहा राहिली आता. आपल्याच हातानं शाळा बंद करताय तुम्ही."

"कळतंय मला." त्या म्हणाल्या, "ती तुझी मुलगी असती तर काय केलं असतंस, सुधा?"

दुसऱ्या दिवशी कयलचा शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला.

वर्षभर रोज सकाळी त्या कयलचा हात धरून रस्ता ओलांडून देत, आणि मग परत येऊन आपल्या शाळेची घंटा वाजवत. पुढच्या जूनमध्ये पहिलीला एकही मूल आलं नाही. आदेश आला. उरलेल्या मुलांची रांग करून आम्ही ती पलीकडे नेली, प्रत्येकाला त्याच्या वर्गात बसवलं. परत येऊन अक्कांनी शाळेचं दार ओढून घेतलं आणि कुलूपकिल्ली माझ्यापुढे धरली. कुलूप मी लावलं.

त्या निवृत्त होऊन तिरुवैयारूला मुलाकडे राहायला गेल्या. मला मोठ्या शाळेत दुसरीचा वर्ग मिळाला. पंचेचाळीस मुलं. पहिल्याच आठवड्यात माझा घसा बसला. घोगऱ्या आवाजात मी अक्कांना फोनवर सगळं रडगाणं ऐकवलं.

"सगळ्यांत मागे कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना.

"उद्या बघून सांग."

दुसऱ्या दिवशी बघितलं. फातिमा बसत होती. तिला फळाच नीट दिसत नव्हता. शेजारणीच्या वहीत बघून ती लिहायची. मी तिला पुढे आणलं आणि मोठ्या उत्साहानं फोन केला.

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. "आणि ती शेजारीण कशी आहे?"

असं एकेक मूल आम्ही फोनवर घेत गेलो. कोण डावखुरं, कोणाची आई परगावी, कोण नुसती हाक मारली तरी दचकतं. दिवाळीनंतर त्या अंथरुणाला खिळल्या, तरी विचारणं थांबलं नाही. आवाज अगदी बारीक झाला होता, पण आदल्या दिवशी कोणाचं सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात असायचं.

पोंगलच्या आठवड्यात त्या गेल्या. तेव्हा माझ्या वर्गातली सात मुलं सांगायची राहिली होती.

सुटी संपून शाळा उघडली. हजेरी झाल्यावर मी खुर्चीवरून उठले आणि त्या सातांतल्या पहिल्या मुलीशेजारी जमिनीवर जाऊन बसले.