पणजोबांचं लग्न मुलीकडे झालं

कॅनडात, मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डमध्ये मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते, त्या घरमालकीणबाई स्वतःला शंभर टक्के आयरिश म्हणवतात. पणजोबा आयर्लंडहून बोटीने आले, एवढंच त्यांना ठाऊक. पणजोबांचं जन्मगाव बाई कित्येक वर्षं चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत शोधत होत्या. यंदा तर मे महिन्याचं विमानाचं तिकीटही काढून बसल्या.

"जाऊन उभी कुठे राहू? अख्ख्या बेटावर?"

मदतीला मी नाइलाजाने बसले. आमच्या घरी कुळ, गोत्र आणि भटजी यांच्याविरुद्ध पत्रकं निघत. अक्षरओळख होण्याआधी मी त्यांच्या घड्या घालायला शिकले. आणि इथे चक्क पाद्र्याचं अक्षर लावत बसलेली!

पणजोबा मॉन्ट्रियलच्या बंदरात हमाली करत. तिथल्या आयरिश चर्चच्या वह्या बाईंनी कॉम्प्युटरवर पानन् पान पाहिल्या होत्या. मुलांचे बाप्तिस्मे सापडले, पण त्यांत बापाचं गाव नव्हतं. ते असतं लग्नाच्या नोंदीत, आणि लग्न काही सापडेना.

"केलंच नसेल लग्न," मी म्हणाले. "पुरोगामी होते तुमचे पणजोबा."

"गप्प बस, बोल्शेविक."

"बरं, पणजी कुठली?"

बाई उठून किटली भरू लागल्या. "नदीकाठच्या एका खेड्यातली. इथून दोन तासांवर."

"आयरिश?"

"फ्रेंच." आवाज एकदम खाली. "साखर किती घालू?"

"म्हणजे शंभरातले—"

"साखर किती?"

"दोन चमचे. तिच्या गावच्या वह्या पाहिल्यात?"

"तिथे कशाला? पणजोबा इथे राहत होते."

"अहो, लग्न मुलीकडे असतं! आमच्याकडे वऱ्हाड घेऊन मुलीच्या दारी जातात."

बाई किटली हातात धरून उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही."

पणजीच्या गावच्या वह्या फ्रेंचमध्ये होत्या. बाई या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात जन्मल्या, तरी फ्रेंच हट्टाने शिकल्या नाहीत. मी नव्याने देशात आलेल्यांच्या वर्गात शिकलेलं फ्रेंच घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती नोंद सापडली. वर: मजूर, आयर्लंडमधला कॉर्क परगणा, आणि पुढे गावाचं नाव. बाईंनी ते माझ्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतलं. खाली सहीच्या जागी वराने नुसती फुली मारली होती. शेजारी वधूची सही होती, ठसठशीत.

बाईंनी पडद्यावरच्या त्या सहीवरून बोट फिरवलं.

"आता किती टक्के?" मी विचारलं.

"आयर्लंडहून परत येईपर्यंत शंभर." चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "रविवारी गाडी काढते. आयर्लंडच्या आधी हिच्या गावी उभी राहीन. तू चल, वाचायला कोणीतरी हवं."

"मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही, सांगून ठेवते."

"नको टाकूस. दारात उभी राहून पत्रकं वाट."