मामाचा गंज

गंजावर माझ्या मामाइतकं प्रेम दुसऱ्या कुणी केलं असेल, असं मला वाटत नाही. बोरी गावातली बाकी माणसं गंज चढू नये म्हणून लोखंडाला तेल लावतात. मामा मात्र लेथवाल्याकडून आणलेल्या लोखंडी किसावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचा. कुणाच्या दारात जुना पत्रा दिसला की थांबायचा, त्यावरून बोट फिरवायचा आणि बोट लाल झालं की खूश व्हायचा. एकदा लग्नाहून येताना मांडवाचे गंजके खिळे खिशात घालून आला होता.

याला कारण मामी. चुलीच्या धुरानं तिचा खोकला वाढला, म्हणून मामानं गोबरगॅस बांधला. पण त्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास. मामी म्हणाली, "डोस्कं फुटायलंय माझं. त्यापरीस चूल बरी." मग मामाला कुणीतरी सांगितलं, की गंजलेलं लोखंड गॅसातलं गंधक धरून ठेवतं. मामानं शेगडीच्या वाटेत जाड पाइप बसवून त्यात गंजका कीस भरला आणि वास खरंच गेला. फक्त कीस काळा पडला की काढायचा, ओला करून हवेवर पसरायचा आणि लाल झाला की पुन्हा भरायचा. असा कीस वाळताना तापतो, हे मी परभणीला कॉलेजात शिकले. पण घरात ते आधीच कळलं होतं. कुरडया वाळत घातलेल्या मामीच्या लुगड्यावरच मामानं तो पसरला आणि लुगड्याला भोकं पडली.

"आता कुरडया बी भरा पाइपात!" मामी कडाडली.

"कुरडईला गंज चढत न्हाई," मामा शांतपणे म्हणाला.

यंदा सुट्टीत गेले तर मामाचे गुडघे धरलेले. कीस पसरायला खाली बसला की उठवत नाही. मला म्हणाला, "तुझी मामी म्हणती, आता वासच येत न्हाई. ऱ्हाऊ द्या कीस."

आत मामी नाकाला पदर बांधून भाकरी टाकत होती. घरभर वास होता.

मामा भिंत धरून उठला. "खोटं बोलायली ती, बाई. माझ्या गुडघ्यापायी." त्यानं गॅस बंद करून पाइप उघडला आणि काळ्या किसाची पाटी घेऊन अंगणात निघाला.

"वास न्हाई म्हनलं ना!" मामी आतून ओरडली.

"मला येतो," मामा म्हणाला.

थोड्या वेळानं मामी बाहेर आली. तेच भोकं पडलेलं लुगडं तिनं त्याच्यासमोर अंथरलं, आणि पाटीचा एक कान धरला.